जांभळ्या बाटलीतलं पाणी

निवृत्त झाल्यावर माणसाला सगळ्यात आधी काय मिळतं, तर दुपार. नोकरीत होते तोवर दिवसाला दुपार असते हेच मला ठाऊक नव्हतं. आता नांदेडच्या घरात जेवणं झाली की पंखा घरघरत राहतो, बाहेरून भंगारवाला ओरडत जातो, आणि मी अर्धवट झोपेत कुठल्या तरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचते. तिथे नेहमी फेब्रुवारी असतो. उंच खिडक्यांतून ऊन आत आलेलं असतं, नळाला पाणी नसतं, बाटल्या ओळीनं मांडलेल्या असतात. मी मुलांना काहीतरी विचारते, त्यांचे ओठ हलतात, पण आवाज येत नाही. मग आमचे हे चहा करून आणतात आणि मला हलवून उठवतात. हे चहाचं सुखही निवृत्तीनंतरचंच, नाहीतर उभ्या संसारात त्यांना साखरेचा डबा सापडला नव्हता.

मी रसायनशास्त्र शिकवलं. ज्युनिअर कॉलेजात, आधी अहमदपूरला आणि नंतर नांदेडला. शिकवण्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी दुसऱ्याच एका कामाबद्दल सांगणार आहे. दर वर्षी आठ-पंधरा दिवस मी बहिःस्थ परीक्षक असायची.

म्हणजे काय, ते सांगते. बारावी सायन्सला प्रत्येक विषयाची तीस मार्कांची प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि ती ज्याच्या त्याच्या कॉलेजातच होते. परीक्षक दोन. एक घरचा, एक बाहेरचा. बाहेरचा कशासाठी, तर घरच्यानं घरच्यांचंच भलं करू नये म्हणून. कल्पना उत्तम आहे. फक्त बाहेरचा माणूस जेवायला घरातच बसतो, एवढं ती काढणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. आमच्याकडे परीक्षकाचं आगतस्वागत जावयाच्या वरताण होतं. धपाटे, दही, ठेचा, शेंगदाण्याची पोळी, वर टॉवेल-टोपी नाहीतर साडीचोळी. मी साडी घ्यायची नाही, पण धपाट्यांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

पूर्वी मात्र मुलं आम्हाला भ्यायची. हात थरथरून परीक्षानळ्या फुटायच्या. मला एक मुलगा आठवतो, अहमदपूरकडच्या वाडीचा. त्याच्या नळीतून वास येत होता. मी विचारलं, "कसला वायू?" त्याला नाव आठवेना. घाम फुटला. मग डोळे मिटून त्यानं पुन्हा हुंगलं आणि म्हणाला, "मॅडम, सकाळी आमच्या गोठ्यात शिरल्यावर येतो तोच हाय." अमोनियाची याहून चांगली ओळख मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. पैकीच्या पैकी दिले. त्या दिवशी बसमध्ये मी एकटीच हसत बसले होते आणि कंडक्टर माझ्याकडे संशयानं बघत होता.

पुढे वारं फिरलं. पोरं हुशार झाली, आणि हुशार पोरं लातूरला जायला लागली. डॉक्टर व्हायचं तर लातूर, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. क्लास लातुरात, खोली लातुरात, मेस लातुरात. आणि कॉलेजात नाव मात्र आडरस्त्याच्या एखाद्या गावात, जिथे हजेरीला कोणी विचारत नाही. मुलाला सकाळपासून रात्रीपर्यंत क्लास असतो, त्याला कॉलेज नको असतं. कॉलेजाला फी हवी असते, त्याला मुलगा नको असतो. दोघांचंही भागतं. मधल्या मधे प्रयोगशाळा तेवढी मरते, आणि ती मेल्याचं सुतक कोणालाच नसतं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मला असंच एक गाव मिळालं, कंधारपासून आत. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तशी गावं बरीच आहेत आणि उगाच एकाच्याच माथी नको. बस डुलत डुलत निघाली होती. दोन्हीकडे करडई पिवळी झालेली, मधेच एखादा पळस लाल. उन्हानं माझे डोळे मिटत होते. मनात म्हटलं, हे शेवटचंच. आता गोड बोलावं, सही करावी आणि घरी जावं.

फाटकाशी गिते सर उभे होते, घरचे परीक्षक. मी त्यांना बघितलं आणि झोप उडाली. हा बालाजी गिते अहमदपूरला माझा विद्यार्थी होता. प्रयोगाची वेळ संपली तरी निघायचा नाही, "मॅडम, अजून एकदा करून बघू का?" म्हणत मागे लागायचा. आता डोक्यावर टक्कल, खिशाला दोन पेन, आणि नोकरी तासिकेवर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही ते संस्थेच्या मर्जीवर. त्यानं वाकून नमस्कार केला.

"किती मुलं आहेत रे?" मी विचारलं.

"मुलं लई हायत मॅडम," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण आलेली एक हाय."

बाकी सगळी लातुरात. त्यांच्या उत्तरपत्रिका तयार होत्या, एकाच अक्षरात लिहिल्यासारख्या. प्रत्येकीत प्रयोगाचा आकडा तोच, दहा पॉइंट दोन. मी फक्त मार्क टाकायचे आणि सही करायची. धपाट्यांचा वास येतच होता.

आलेली ती एक म्हणजे करुणा. शेजारच्याच गावची. वडील गवंडी, आई दुसऱ्याच्या शेतात कामाला. घरात जागा नाही म्हणून गावातल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून अभ्यास करायची. लातूरचा क्लास परवडणारा नव्हता, म्हणून ती दोन वर्षं रोज कॉलेजला आली होती. गिते सर तिला एकटीलाच फळ्यावर शिकवायचे. फळ्यावर, कारण प्रयोगशाळेला कुलूप असायचं. परीक्षेसाठी म्हणून ते त्या सकाळीच उघडलं होतं. पोरगी दारात उभी राहून आत बघत होती. लग्नघरी आलेलं लेकरू मांडवाकडे बघतं ना, तसं.

तिला प्रयोग दिला तो असा. वर लांब काचेची नळी, तिला ब्युरेट म्हणतात, तिच्यात जांभळं परमँगनेट. खाली चंबूत ऑक्झॅलिक ऍसिड आणि थोडं सल्फ्युरिक, दिसायला पाण्यासारखं. चंबू जरा गरम करायचा आणि वरून थेंब थेंब सोडायचा. जांभळा थेंब खाली पडतो आणि विरून जातो, पुढचा पडतो, तोही विरतो. असं होता होता एक थेंब असा येतो की तो विरत नाही, चंबूत फिकट गुलाबी रंग तसाच राहतो. तिथे हात थांबवायचा आणि नळीवरचा आकडा वाचायचा. एवढंच. पण तो शेवटचा थेंब यायची वाट बघताना श्वास रोखला जातो. जन्मभर बघूनही माझा रोखला जायचा.

करुणानं सगळं जपून केलं. नळी धुतली, भरली, पहिला थेंब सोडला. चंबू लगेच गुलाबी. तिनं हलवला. रंग गेला नाही. तिनं ते ओतून दिलं, पुन्हा सगळं धुतलं, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

गिते सर तिच्याजवळ गेले. हळूच म्हणाले, "अगं, दहा पॉइंट दोन लिही की."

"आलंच न्हाई सर," ती म्हणाली. "कसं लिहू?"

आणि तिनं लिहिलं, मी मागे उभी राहून वाचलं: पहिल्याच थेंबाला रंग आला, हलवूनही गेला नाही, तीनदा केलं, माझं काय चुकलं ते कळलं नाही.

मी ब्युरेटची तोटी जरा सोडून एक थेंब बोटावर घेतला. खऱ्या परमँगनेटची एक खोड आहे. बोटाला लागलं की थोड्या वेळात तपकिरी डाग पडतो आणि तो दोन-दोन दिवस जात नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाची बोटं त्यावरून ओळखू येतात. मी चहा घेतला, सावकाश. बोट जांभळं ते जांभळंच. पदराला पुसलं तर पदर रंगला.

"बालाजी, ही बाटली कुठली आहे?"

तो बाटलीकडे बघत म्हणाला, "इन्स्पेक्शन व्हतं मॅडम. खरं संपलेलं. संस्थेचे भाऊ म्हणले, बाटल्या भरलेल्या दिसाव्या. रंगपंचमीचा रंग घातला. दिसाया सेम दिसतंय."

"आणि नंतर?"

"नंतर कुणी उघडलीच न्हाई."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, मी स्टुलावर बसले. खिडकीतून ऊन त्या बाटल्यांवर पडलं होतं. निळी, हिरवी, पिवळी, जांभळी, काय सुंदर दिसत होत्या! एकीतही काही नव्हतं.

मी करुणाला जवळ बोलावलं, बोट दाखवलं आणि सगळं समजावून सांगितलं.

तिनं डोळे पुसले. "म्हंजे माझं चुकलं न्हाई?"

"नाही गं. तुझं एकटीचंच बरोबर आहे."

मला वाटलं ती खूश होईल. ती बाटलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मंग खऱ्याचा रंग कसा जातो, ते बघायचं राहिलंच की मॅडम."

मी तिला पूर्ण मार्क दिले, आणि बाकीच्यांचं उद्या बघू, पण येईल त्यालाच मार्क मिळतील, असं गिते सरांना सांगून संध्याकाळची बस धरली. गोड बोलून सही करण्याचा बेत तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या कॉलेजातून परमँगनेटची एक छोटी बाटली आणि ऑक्झॅलिकची पुडी पिशवीत घालून नेली. सल्फ्युरिक ऍसिड मात्र बसमधून न्यायचं धाडस झालं नाही. गिते सरांना म्हटलं, तेवढं तरी इथं खरं असेल ना? ते म्हणाले, ऍसिड एकच हाय मॅडम, संडास धुवायचं. ते वेगळं असतं, चालत नाही. मग त्यांच्याच डोक्यात काहीतरी आलं. फटफटीला किक मारून गेले आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवाल्याकडून बाटलीभर बॅटरीचं पाणी घेऊन आले. बॅटरीचं पाणी म्हणजे पातळ केलेलं सल्फ्युरिकच. येताना गडी अहमदपूरच्या बालाजीसारखा हसत होता. तो चेहरा मी पुष्कळ वर्षांनी बघत होते.

करुणाची परीक्षा कालच झाली होती, तरी ती आली होती. आणि लातूरहून दोन जीपही आल्या होत्या. संस्थेच्या भाऊंनी रात्रीतून निरोप धाडून काही मुलं आणवली होती. पोरं पेंगत होती. चेहरे फिकट, ऊन न लागलेले. एकाला मी विचारलं, या प्रयोगाचा शेवट कशावरून ओळखायचा? तो डोळे न उघडता म्हणाला, "रंगहीन ते फिकट गुलाबी." बरोबर होतं. मग म्हटलं, यातली ब्युरेट कुठली ते दाखव. त्यानं शेजारची दुसरीच नळी, पिपेट, दाखवली. त्याला हसावंसं वाटेना मला. त्याच्या आईबापानं काहीतरी विकूनच त्याला तिथं ठेवलं असणार, आणि त्याला लातूरची खोली सोडून दोन वर्षांत काही दिसलं नव्हतं.

मी करुणाला म्हटलं, "कर."

स्पिरिटच्या दिव्यावर तिनं चंबू गरम केला आणि तोटी सोडली. पहिला थेंब पडला आणि तसाच राहिला. तिनं घाबरून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पहिला थेंब जरा वेळ घेतो, त्याला धीर धरावा लागतो. तिनं चंबू हलवत ठेवला आणि बघता बघता जांभळं फिकं झालं, मग चहासारखं, मग काहीच नाही, पाणी. दुसरा थेंब लवकर विरला. तिसरा पडता पडताच नाहीसा झाला. पोरं उठून टेबलाभोवती येऊन उभी राहिली होती. पेंगणारा तो मुलगा सगळ्यात पुढे होता. थेंब पडत होते, विरत होते, बाहेर कडुनिंबात कबुतर घुमत होतं, आणि मला वाटलं हे असंच चालू राहावं, तो शेवटचा थेंब कधी येऊच नये.

तो आला. चंबूत गुलाबाच्या पाकळीइतका रंग राहिला.

"हे असं असतंय व्हय?" तो मुलगा म्हणाला.

करुणा चंबू उजेडात धरून बघत होती. गिते सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

दुपारी भाऊ आले, संस्थेचे मालक. पांढरा शर्ट, तोंडात बडीशेप, बोलणं अगदी मऊ. मी आलेल्यांचे मार्क टाकले होते आणि न आलेल्यांपुढे अनुपस्थित लिहिलं होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या पोरीचा प्रयोग काल आला न्हाई, तरी तुम्ही पैकीच्या पैकी दिले. आमच्या लेकरांचा आकडा बरोबर हाय, त्यायला काहीच न्हाई. हा कुठला न्याय?"

"तिनं डोळ्यांनी बघितलं ते लिहिलं. तुमच्या लेकरांनी बघितलंच नाही."

"बघून कुणाचं पोट भरलंय मॅडम?" ते शांतपणे म्हणाले. आणि खरं सांगते, त्यांना ते मनापासून वाटत होतं. लबाड माणसाशी भांडता येतं, पण ज्याला यात काही चुकलंय असं वाटतच नाही त्याच्यापुढे काय बोलायचं? एका पोराचे वडील आले होते, तेही हात जोडून म्हणाले, "लेकरू डॉक्टर व्हायलंय, ताई. कशाला आडवं येता?" त्या दिवशी मी त्या गावात एकटी वाईट होते.

सही दोघांची लागते. मी केली आणि कागद गिते सरांकडे सरकवला. त्यांनी भाऊंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खिशातलं पेन काढलं आणि सही केली. मी परमँगनेटची उरलेली बाटली त्यांच्या हातात दिली आणि निघाले.

या गोष्टीचा शेवट इथे झाला असता तर मी ती मिरवत सांगितली असती. पण बाहेरच्या परीक्षकांनी मुलांना विनाकारण त्रास दिला अशी तक्रार गेली. ती पटली, अशा तक्रारी लगेच पटतात. सगळ्यांची परीक्षा पुन्हा घ्यायची ठरली, दुसरा परीक्षक देऊन. हे मला कोणी कळवलं नाही. मी पेन्शनच्या कागदांच्या मागे होते.

निकालाच्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी नुकतीच आडवी झाले होते.

"मॅडम, मी करुणा. पास झाले."

"अरे वा! रसायनात किती?"

"लेखीला चांगले हायत. प्रॅक्टिकलला बावीस."

मी उठून बसले. "बावीस कसे? मी तर..."

मग तिनं दुसऱ्या परीक्षेचं सांगितलं. सगळ्यांना तीस पडले होते, लातूरहून न आलेल्यांनाही. तिला तेवढे बावीस.

"पण मी दिलेली बाटली होती ना गं? ती का नाही वापरली?"

"ती सरांनी कपाटात कुलपात ठेवलीय मॅडम. संपंल म्हणून. टेबलावर जुनीच व्हती."

मला हसू आलं. "मग तू काय लिहिलंस?"

"म्या लिहिलं, रंग जात न्हाई, कारण हे परमँगनेट न्हाई. बोटाला लावून बघितलं, डाग पडत न्हाई. सगळं मांडून लिहिलं. गिते सर म्हणले, लिहून टाक गं आकडा. म्या न्हाई लिहिला. मंग ते काय बोलले न्हाईत. नवे सर म्हणले, आगाऊ हाय पोरगी."

तिच्या आवाजात रडू नव्हतं, तक्रारही नव्हती. मला मात्र लाज वाटत होती. मी तिला एक शिकवलं आणि त्याचे आठ मार्क तिनं भरले. डागाचं मी बोललेच नसते तर तिनं कदाचित नुसतं 'माझं चुकलं' असं लिहिलं असतं आणि कोणीतरी दया येऊन तिला तीस दिले असते. मी असं काहीतरी तिला बोलूनही दाखवलं.

"ते जाऊ द्या मॅडम," ती घाईनं म्हणाली, जणू हे तिच्या कामाचं नव्हतंच. "म्या दुसऱ्याच गोष्टीसाठी फोन केला. मला बी.एस्सी. करायचीय, रसायन घेऊन. बाबा हाव म्हणले, नांदेडला मावशीकडं राह्यचं. तुम्हाला सगळे कॉलेज माहीत हायत. खऱ्या बाटल्या कोणत्या कॉलेजात हायत?"

मी तोंड उघडलं आणि एक नाव जिभेवर आलं. मग तिथली प्रयोगशाळा आठवली, मी शेवटची गेले होते तेव्हाची. दुसरं नाव आलं. तिथले जुने सर जाऊन आता किती वर्षं झाली? तिसऱ्याची इमारत नवी आहे, काचेची. पंखा फिरत होता. मी एकेका दारातून आत शिरत होते, बाटल्यांपाशी थांबत होते आणि बाहेर येत होते.

"मॅडम? हायत का लाईनवर?"

"हाय गं," मी म्हटलं. "आठवायले."